आईच्या सीटवरचा आकडा

५ डिसेंबर, शुक्र.
सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. काळं कुळकुळीत. परवाच पुसलं होतं. गाडी रिच चालते आहे, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जळतं आहे. हे कळायला मीटर नको. पण मीटर आहे. डॅशबोर्डवर मीच लावलेला. तो म्हणतो, मिश्रण अगदी बरोबर.
आईला फिजिओला नेलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची दहावी फेरी. परतताना सुपेला चौकात मोठा जाम. घरी आल्यावर तिचं डोकं दुखलं. बीपी १४२/८८. गोळी दिली.

८ डिसेंबर, सोम.
आई फिजिओत असताना रामटेकेभाऊंच्या गॅरेजवर प्लग काढले. चारही काजळीने भरलेले.
भाऊ: "मॅडम, हे प्लग हायेत का चुलीतले कोयसे? तुमच्या रायपूरवाल्यानं कम्प्युटरात पेट्रोलचा नळच खोलून ठेवला."
रायपूरवाला म्हणजे ज्याने सप्टेंबरात ताकद वाढवायला गाडीच्या कम्प्युटरचं ट्यूनिंग केलं तो. फोन केला, जरा चढ्या आवाजात. "मैडम, मेरा मैप ठीक है. लॉग भेजिए." कम्प्युटरची नोंद पाठवली.
एवढी ताकद मला हवी कशाला होती? चव्वेचाळीस वर्षांची बाई, रिसालीच्या घरून स्टील प्लांटच्या गेटपर्यंत जायचं. उत्तर आजही नाही. टर्बो भरतो तेव्हा पाठीला सीट लागते, ते आवडतं. एवढंच.
परत येताना आई: "तुह्या या लाडकीत बसलं का मले गरगरते." म्हटलं, न खाता निघतेस म्हणून.

१० डिसेंबर, बुध.
भाऊंकडे इंजेक्टर तपासले. एकही गळत नाही. पेट्रोलचं प्रेशर बरोबर. टर्बोच्या नळ्यांना साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही.
आईचं डोकं. गोळी.

१२ डिसेंबर, शुक्र.
आज तिला मळमळलंही. बीपी १३०/८२. म्हणजे बीपी नाही. मग? डॉक्टरची वेळ २२ची मिळाली.
मलाही हल्ली संध्याकाळी जड वाटतं. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

१४ डिसेंबर, रवि.
रायपूरचं उत्तर. त्याचा मॅप, म्हणजे त्याने भरलेला पेट्रोलचा तक्ता, जास्त देत नाहीये. कम्प्युटर स्वतःच्या मनाने त्यावर बावीस टक्के वाढवतो आहे, कारण एक्झॉस्टमधला सेन्सर त्याला सांगतो की पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे सोमवारी मी त्याच्यावर उगाच चढले. सॉरी लिहिलं.
सेन्सर खोटा? काढून मोकळ्या हवेत तपासला. बरोबर दाखवतो. प्लग म्हणतात जास्त, सेन्सर म्हणतो कमी, आणि दोघंही खरे. मोजमापाची यंत्रं तपासण्याचा पगार घेते मी. शोभत नाही.

१६ डिसेंबर, मंगळ.
कामावर, सकाळी. भट्टीच्या एका गॅस अॅनालायझरवर ऑक्सिजन फार दिसत होता. नेहमीचंच: नळीचा जोड सैल, बाहेरची हवा आत ओढली जाते, यंत्र बिचारं जे येईल ते मोजतं. पाना हातात होता आणि तसाच राहिला.
गाडीतही हेच. सेन्सरच्या आधी कुठेतरी पाइप सैल आहे. बाहेरची हवा आत जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी, कम्प्युटर ओततो.
सेन्सरच्या आधी जोड एकच. टर्बोला डाउनपाइप, म्हणजे धूर खाली नेणारा पाइप, जिथे लागतो तो. तो पाइप मी बसवला होता, घरीच. ऑगस्टची पानं काढली. "१७ ऑगस्ट. डाउनपाइप बसला. चारपैकी खालच्या नटाला पाना पोचत नाही, हाताने फिरवून ठेवला. उद्या."
१८ला काही नाही. १९ला नाही. पुढे कुठेच नाही.
मग दुसरी गोष्ट. जिथून हवा आत येते तिथून धूर बाहेरही येतो. तो जोड हीटरची हवा घेण्याच्या जाळीच्या अगदी खाली आहे. रिच इंजिनाचा धूर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. ज्याला वास नसतो. ज्याच्यासाठी मी पाळीभर छातीवर मॉनिटर लावून फिरते, आणि दुसऱ्यांचे मॉनिटर तपासून देते.
थंडी. काचा बंद. हीटर चालू.
नोव्हेंबरपासून "आईचं डोकं" किती वेळा लिहिलंय ते मोजलं. नऊ. सगळे सोम, बुध, शुक्र, फिजिओचे वार. एकही रविवार नाही.
पुढे लिहवत नाही.

१७ डिसेंबर, बुध.
आईला सांगितलं, आज फिजिओला सुट्टी आहे. तपासणीला आलेला एक मॉनिटर इनचार्जना सांगून घरी आणला. कशासाठी ते विचारलं त्यांनी. "घरगुती काम" म्हटलं.
दारासमोर गाडी चालू ठेवली आणि आईच्या सीटवर बसले. काचा बंद, हीटर चालू. मॉनिटर हवेच्या दहा लाख भागांत किती ते दाखवतो. ०. ०. ११. २६. ३९. मग पन्नासला अलार्म. किंचाळतोच तो. धडपडत बाहेर आले.
आई वॉकर धरून दारात. "काय वाजून राहिलं वो?"
"हॉर्न अडकला."

१९ डिसेंबर, शुक्र.
आईला ऑटोने पाठवलं. गाडी काचा उघड्या ठेवून भाऊंकडे नेली. लिफ्टवर घेतली. जोडातलं गॅस्केट एका बाजूने जळून गेलेलं, त्यावर काजळीचा पट्टा.
"हा नट तं बोटानं फिरून राहिला, मॅडम. कोन्या गाढवानं लावला?"
"मी."
भाऊ: "माह्याकडे दोनदा आली गाडी. मी बी कुठी खाली पायलं?"
नवीन गॅस्केट, चारही नट पान्याने. मी दोनदा तपासले, मग भाऊंना तपासायला लावले. उभ्या गाडीत चाळीस मिनिटं, मॉनिटर शून्य. कम्प्युटरची वाढ बावीसवरून पाचवर.
"पाच चालते," भाऊ म्हणाले.
चालते? जोड बंद झाला, मग हे पाच कशाचे?

२२ डिसेंबर, सोम.
डॉक्टरांना आईसमोर नाही, आत एकटी जाऊन खरं सांगितलं. ते म्हणाले, रक्तातला वायू एव्हाना निघून गेला असेल. डोकं दुखायचं थांबलं नाही तर मात्र पुढच्या तपासण्या करू. ते "नाही तर" घेऊन मी घरी आले.
आई तिवऱ्याची पालेभाजी निवडत होती. सांगितलं. नट, धूर, हॉर्नचं खोटं, सगळं. तिने जुडी खाली ठेवली.
"म्हंजे नाटकं नोती करून राहिली मी."
"नाही आई."
"मले तं वाटे, तुह्या बाबासारखं झालं. त्याईचं बी डोक्यापासूनच सुरू झालं होतं ना."
"मग मला सांगितलं का नाहीस?"
"सांगतच तं होती. तू गोळी दे."
भाजी पुन्हा निवडायला घेतली. मीही एक जुडी ओढली. दीड महिना ही एकटी, बाबा ज्यात गेले त्या आजाराला घाबरत होती, आणि मी बीपी लिहून ठेवत होते.

२६ डिसेंबर, शुक्र.
या आठवड्यात डोकं नाही. पण ती गाडीत बसलीच नाही, तेव्हा त्यावरून काय ठरणार?
आज पुन्हा ऑटो बोलावणार होते. बाहेर येऊन पाहते तर ही गाडीत, पट्टा लावून.
"आई, उतर. अजून दोन-चार दिवस मी एकटी चालवून पाहते."
"यंत्र तुह्यं, डोकं माह्यं. दोन्ही लागतीन. चाल."
काच उघडली. "लाव ते, थंडी वाजून राहिली." लावली. हीटर तिनेच सुरू केला. मॉनिटर मांडीवर, चष्मा नाकावर. रिसालीपासून सारखं चालू: "शून्य. शून्य वो. समोर पाय तू."
सुपेला चौकात सिग्नल लाल. पुढे एक जुना ट्रक, धूर सोडत.
"तीन," ती म्हणाली.
ट्रकचे की माझे? बंद गाडीत कळणार कसं? "अजून?"
"तीनच."
माझा हात काचेच्या बटणाकडे गेला, तो तिने धरून ठेवला.
"आई, डोकं?"
तिने डोळे मिटले. हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.
"थांब ना जरा," ती म्हणाली. "पाहू दे मले."