बाभळीचं खोड

लोणच्याची बरणी यंदा कशी आली न्हाई, हे विचारायला बायकोला फोन करायला लावतोस? तुला तोंड न्हाई का? निकिता बिचारी लाजत लाजत विचारायली, आजी, तब्येत बरी हाय ना, यंदा लोणचं घातलं न्हाई का. तिला मी काय सांगू? परवा तू मला खोटं बोलायला शिकवलंस आन् काल तिच्याकडून बरणी मागवलीस.

प्रिय माऊली. हे वर लिहायचं राहिलं, आता लिहिलं. राग आधी आला, त्याला काय करू. चौथीत शाळा सुटली, तवापासून एवढं लांब कुणाला लिहिलं न्हाई. पण फोनवर तू मीटिंगमध्ये हाय म्हणतोस आन् ठेवून देतोस. कागद मधात तोडता येत न्हाई.

गुरुवारी तुझ्या अनुदानाचे साहेब झरीला येऊन गेले. वरच्या वावरात बांबू लावायला सरकारनं पैसे दिले, जगला तर दर साली आणखी देणार. तो जगला का मेला, ते बघायला आले व्हते. माणूस बरा हाय. बांधावर बसून ताक पिला. योजनेला मी नावं ठेवत न्हाई. शेजारच्या लिंबाजीनं त्याच योजनेत लावला, उन्हाळाभर घागरीनं पाणी घातलं, आज त्याचा बांबू माझ्या डोक्याच्या वर गेलाय. तू पुण्यात बसून एजंटाला काम दिलंस. त्याच्या माणसांनी रोपं काळ्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवली आन् वरून माती ओढली. साहेबानं एक उपटून बघितलं. पिशवी जशीच्या तशी, मुळ्या आत गोल गुंडाळलेल्या. वाळतील न्हाई तर काय करतील? मला हसू आलं, पण ते रागाचं.

साहेब म्हणले, पिशव्या काढून पुन्हा लावा, अजून पाऊस हाय. तेवढ्यावर मिटलं असतं. पण जाता जाता त्यांची नजर वावराच्या मधातल्या खोडावर गेली. उभं झाड तोडून लागवड केली असंल तर अनुदान बंद, असा नियम हाय म्हणे. रान माझ्या नावावर, म्हणून विचारलं मलाच, हे कशाचं खोड? मी म्हणले, पोळ्यानंतर या, मग सांगते. हे एजंटाच्या कानावर गेलं, त्याच्याकडून तुझ्या, आन् लगेच तुझा फोन. आजी, वाळकी बाभूळ व्हती म्हण, कवाच पडली म्हण.

बाभूळ! इतकी वर्षं बाभळीच्या कैऱ्या मीठ लावून खायलास का रे? का मी तुला पुण्याला बाभळीचं लोणचं पाठवत व्हते?

गेल्या साली मी चुडाव्याला लेकीकडं गेले, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हतं. परत आले तर वावर बोडकं. लिंबाजी आडवा गेला व्हता, तर एजंट त्याला म्हणे, मालकाचा फोन झालाय, मधात येईल ते काढा. आंब्याच्या सावलीत रोपं कमी बसायलीत. मालक म्हणे! सातबाऱ्यावर अजून मी जित्ती हाय. लाकूडबी तोच घेऊन गेला. तवा वाटलं, तू विचारशील. दिवाळीला आलास, करंज्या खाल्ल्यास, वावराचे फोटो मोबाईलवरच बघितलेस आन् गेलास.

आता नीट वाच. तू सहावीत व्हतास तवा तुझा बाप, माझा काशीनाथ, काविळीनं गेला. आपल्या भावकीत राख नदीत सोडत न्हाईत, आपल्याच वावरात खड्डा करून त्यात ठेवतात आन् वर झाड लावतात. काशीनाथचीबी तशीच ठेवली. रोप कुणी लावायचं म्हणून सगळे एकमेकांकडं बघायले, तर तू पुढं झालास. विळा घरी राहिला व्हता. तू रोपाची पिशवी दातानं फाडलीस, मातीनं तोंड भरलं तुझं. एवढंसं पोरगं, पण पिशवी काढावी लागती हे तुला कळत व्हतं. आन् आता त्याच आंब्याला बाभूळ म्हण म्हणतोस. तुला इसर पडला, का आठवून तोडलंस, हे मला कळायला पायजे. खोडाला फुटवा आला का, असं विचारू नको. न्हाई आला.

साहेब पोळ्यानंतर येणार. अनुदान राहू दे न्हाई तर बुडू दे, मी बाभूळ म्हणणार न्हाई आन् तुझ्या वतीनं आंबाबी म्हणणार न्हाई. आदल्या दिवशी ये, बायकोला घेऊन ये, तिलाबी कळू दे बरणी का आली न्हाई. साहेब विचारतील, खोड कशाचं आन् तोडायला कुणी सांगितलं. खोडापाशी उभं राहून उत्तर द्यायचं. एजंटानं न्हाई, निकितानं न्हाई, मी न्हाई. तू द्यायचंस.

तुझीच,
आजी बायनाबाई