कुलूपबंद घराची टाकी भरली कशी?

ती. आसारामदादा यांना भिंतीपलीकडच्या रामेश्वरचा दंडवत.

तुमचा गुडघा, वैनीची शुगर, म्हैस, समदं बरं हाय का? (म्हशीचं तेवढं मनापासून विचारतोय.) तुमच्याशी तोंडानं बोलणार न्हाई अशी शपथ घेतलीय, म्हणून मधी एकच भिंत असून कागद लिवतोय.

सा महिने आमी नवराबायको ऊसतोडीला गेलतो. घराला कुलूप, किल्ली तुमच्याकडं, कशाला तर तुळशीला पाणी घालायला. परवा आलो, मनिषानं संडासात बादलीभर पाणी ओतलं, तर ते खाली जायचं सोडून वर आलं! सोमवारी आमची करिष्मा पयल्या बाळंतपणाला येतीय, नि हे आसं! घरात माणूस न्हाई, मंग संडासाची टाकी भरली कावून? तुळशीनं भरली? (ती तर वाळून काडी झालीय.)

नेकनूरहून उपसायची गाडी आणली. गाडीवाल्या उत्तरेश्वरनं झाकण काढलं, तर शांपूच्या पुड्याच पुड्या! माझ्या घरात शांपू कोण लावतं, दादा? मी टकला, मनिषा शिकेकाईवाली. तुमच्या वर्षाराणीचं लग्न झालं हे मला फडात दुसऱ्याच्या तोंडून कळलं होतं. वऱ्हाड कुठं उतरलं ते टाकीनं सांगितलं. चौघांच्या हिशेबानं बांधलेली टाकी, नि दीडशे वऱ्हाडी! काही लाज? वापरली त्याचा राग न्हाई. माझी टाकी लग्नाला चालली, मी चाललो न्हाई, ह्याचा लई राग हाय. त्या पोरीला खांद्यावर बसवून बाजार दावलाय मी. एक फोन केला असता तर मुकादमाच्या पाया पडून आलो असतो.

तुमचा (आता नावालाच) भाऊ,
रामेश्वर

ता. क. उत्तरेश्वर म्हणतो, टाकीतले जंतू जगले तरच मैला जिरतो. ॲसिडनं समदे मेलेत. जाताना चार बाटल्या आमीच ओतल्या होत्या, घर स्वच्छ ऱ्हावं म्हणून. मनिषा नको म्हणत होती.

ता. क. दुसरा. माझ्याच कोनाड्यात तुमची पत्रिका सापडली. कुलपाच्या आत पत्रिका ठेवून बोलावणं करत्यात व्हय? 'स्वागतोत्सुक'मधी पयलं नाव माझं हाय. दोनदा वाचलं.

ता. क. तिसरा. टाकीतलं पाणी जिरायचा शोषखड्डा गच्च झालाय, नवा करायला पंधरा दिवस लागत्यात. आठव्या महिन्यातली पोर उघड्यावर कशी धाडू? तवर ती तुमच्या संडासाला येईल. आतली कडी तेवढी नीट करा, नि ॲसिड ओतू नका. चालत असलं तर भिंतीवरनं हाक मारा. मी बोलणार न्हाई, पण उभा हाय.