स्विंगआर्मचा नट

बाबा, तुमची मोटरसायकल अजून चालते. हे आधी सांगतोय, कारण त्याशिवाय तुम्ही पुढचं वाचलं नसतं. तुमची नात आता तीच घेऊन आरेच्या रस्त्याने गोरेगावला कामाला जाईन म्हणते. फक्त मागचं चाक हल्ली डोलतं, आणि त्यावरूनच हे लिहायला बसलो.

रविवारची सकाळ, अंधेरीच्या आपल्या बिल्डिंगचं आवार, खाली अंथरलेलं पोतं. आठवडाभर साकीनाक्याच्या वर्कशॉपात फिटर म्हणून पाने फिरवून तुमचं मन भरत नसे, म्हणून सुट्टीला घरची गाडी. मी जिन्याच्या पायरीवर मॅन्युअल उघडून बसलोय. शाळेत संस्कृत शिकवणारा माणूस. छापलेला आकडा म्हणजे माझ्यासाठी शब्दप्रमाण. तुम्हाला फक्त प्रत्यक्ष मान्य. ‘नट किती आवळायचा ते यात दिलंय, बाबा.’ ‘गाडयेक वाचूक येता काय?’ ‘मग तुम्हाला कसं कळतं कुठे थांबायचं?’ तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘हाताक कळता.’

एकदा ऑइल बदलून झाल्यावर खालचा प्लग लावायला तुम्ही पाना माझ्याकडे दिलात. मीही हाताला विचारलं. हात म्हणाला, अजून थोडं. मग पाना नुसताच फिरायला लागला. आटे गेले होते. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, ‘पंडितानू, तुमचो हात अजून पयलीत आसा.’ जिन्यातल्या शेजाऱ्यांना हसायला तेवढं पुरलं.

त्यानंतर मी टॉर्क रेंच आणला. ठरवून दिलेला जोर लागला की टक् करून ‘पुरे’ सांगणारा पाना. आटे मी घालवले आणि भेट तुम्हाला दिली, यातला विनोद तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. तुम्ही तो उलटसुलट करून पाहिलात, ‘झकास हा’ म्हणालात, आणि कधीच वापरला नाहीत. खंडेनवमीला मात्र बाकीच्या पान्यांच्या शेजारी पाटावर त्यालाही हळदकुंकू आणि झेंडू. जे वापरायचं नाही त्याचा देव करून टाकायची सोय तुम्हाला बरी सापडली होती. आकड्यांच्या खाचांत अजून कुंकू बसलेलं आहे. मी ते सुईने काढून वाचतो.

घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याला टॉर्क रेंच लागतो का, या वादात आता मी एकटाच उरलोय, त्यामुळे दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात. माझं म्हणणं, लागतो. हात शिकायला वर्षं लागतात आणि आटे जायला एक क्षण. तुमचं म्हणणं, मग ती वर्षं माझ्याजवळ बसून काढायची होती.

तुमच्यामागे गाडीचे बहुतेक सगळे नट मी उघडून, टक् ऐकून पुन्हा बसवले. एक राहिलाय. मागचं चाक ज्या लोखंडी बाहूत बसतं, त्या स्विंगआर्मचा. आजारी पडायच्या आधी शेवटचा तुम्ही आवळलात तो हाच. मी टॉर्च धरून उभा आहे. तुम्ही पाना ओढता, श्वास धरता, थांबता. ‘झाला,’ म्हणता. मला काहीच वेगळं दिसलेलं नसतं.

स्विंगआर्मच्या सांध्यातले बुश झिजलेत म्हणून चाक डोलतं. ते बदलायचे तर हा नट खोलायलाच हवा. खोलण्याआधी मोजता येईल म्हणा: रेंचचा आकडा हळूहळू वाढवत आवळायच्या दिशेने जोर लावायचा, नट जरा सरकला की तुमच्या हाताचा आकडा मिळाला. पण इतक्या वर्षांत आत धरलेल्या गंजाचा त्यात वाटा किती आणि तुमचा किती, हे कुठलं प्रमाण सांगणार? आणि एकदा सरकला की तो तुमचा राहत नाही. मी बसवेन तो बिनचूक असेल, पुस्तकातल्यासारखा.

मुलगी रोज विचारते, ‘बाबा, बुश आले का रे?’ हो, ती मला अरेतुरे करते. तुम्हाला चाललं नसतं. मी सांगतो, जुनं मॉडेल आहे, साकीनाक्याला मिळत नाहीयेत. ती बिचारी मेट्रोने जाते.

बुश केव्हाचे आलेत, बाबा. शाळेतल्या माझ्या कपाटात आहेत.