अर्धा ठोका उशीर

श्रूजबरी,
१२ डिसेंबर २००७

प्रिय प्रसाददादा,

पत्र बघून हसशील. एक दिवसाआड फोन असतो, दर रविवारी दुपारी दोन तास कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये बरोबर असतो, तरी या बयेला लिहायचं काय सुचलं, म्हणशील. फोनवर तू कुठलीही गोष्ट दोन मिनिटांत हसण्यावारी नेतोस. कागदावर तुला तसं करता येणार नाही, म्हणून हा खटाटोप. मला भीती वाटते आहे, दादा. आधी तेवढं सांगून टाकते.

तीन वर्षांपूर्वी मी पीएच.डी.ला इथे आले आणि खोलीत एकटी रडत बसायला लागले, तेव्हा तू जर्सी सिटीहून मला या खेळात ओढलंस. दोघांविरुद्ध दोघं. तू ढालवाला, मी जखमा भरणारी वैद्यीण. मला दर आठवड्याला नवं पात्र हवं असायचं, कधी जादूगारीण, कधी तिरंदाज. तू मास्तरकीच्या सुरात बजावलंस की पात्र एकच धर आणि हजार मॅच त्याच्याशीच काढ. पात्र तेच, बटणं तीच, मग हरलीस तर चूक तुझीच असते, आणि ती लपत नाही. किती चिडले होते मी. पण ऐकलं. आता समोरून बाण सुटला की मी मनात एक मोजते, तेवढ्यात तुझी ढाल वर येते, आणि दोनला मी तुझी जखम भरते. पडद्याकडे बघावंही लागत नाही.

गणपतीच्या सुमारास ती ढाल पहिल्यांदा अर्धा ठोका उशिरा आली. लॅग आहे यार, कनेक्शन बकवास झालंय, असं तू म्हणालास. मीही मानलं. तू कीबोर्ड बदललास, मग इंटरनेटची कंपनी बदललीस. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला तुम्ही दोघं इकडे आलात. यामिनीवहिनी आत भरली वांगी करत होती आणि आपण जेवणाच्या टेबलावर एकाच लाइनवर खेळायला बसलो. माझं सगळं वेळेवर चाललं होतं. तू माझा लॅपटॉपसुद्धा घेऊन बघितलास. ढाल उशिराच आली. मग मी पडदा सोडून तुझ्या हाताकडे बघितलं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आपलं आपण उचललं जात होतं. तू ते दुसऱ्या हाताने दाबून धरलंस आणि वांग्यांचा वास काय सुटलाय, असं म्हणालास.

आपल्या घरी हे आधी कसं सुरू झालं होतं, ते तुला आठवत असणारच. आई बाबांच्या शर्टाची बटणं लावून द्यायला लागली, सहज घाईत असल्यासारखी. चहा सांडू नये म्हणून कप अर्धाच भरायची. पाहुण्यांसमोर त्यांचा भात आधीच कालवून ठेवायची. दोन वर्षं तिने झाकलं आणि आपण सगळे बाबांना थकवा आलाय म्हणत राहिलो. डॉक्टरांकडे गेलो तोवर त्यांचा तोल जायला लागला होता. हे दुखणं रक्तातून येतं, दोन्ही मुलांना निम्मी निम्मी शक्यता आहे, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर तू मला उसाचा रस पाजलास आणि तो विषय पुन्हा काढला नाहीस. मीही नाही काढला. बाबांचं सुरू झालं तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. तुला मार्चमध्ये छत्तीस पूर्ण होतील.

थँक्सगिव्हिंगनंतर आपण तीन रविवार ओळीने जिंकलो. तरी गेल्या रविवारी तू म्हणालास, बोअर झालं यार, कॅरेक्टर चेंज करतो, तिरंदाज ट्राय करतो. जिंकत असताना पात्र कोण बदलतं, दादा? आणि तू? मी यायच्या आधीपासून, पाच वर्षांत तू ढालवाला सोडला नाहीस. कुठल्याही हॉटेलात गेलास तरी तू मसाला डोसाच मागवतोस. नव्या पात्राशी सगळेच चुकतात, का चुकलास असं कुणी विचारत नाही. तुलाही कळलेलं आहे, हे मला त्या क्षणी समजलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आपण जिंकलो ते लाइन सुधारली म्हणून नाही. मी मोजणी बदलली होती. एक म्हटल्यावर ढालीची वाट बघत नाही, तुझी जखम आधीच भरून टाकते, म्हणजे तुझा उशीर कुणाला दिसत नाही. आई कप अर्धा भरायची, तसंच मी तीन आठवडे करत होते आणि वर स्वतःला शहाणी समजत होते. मला आईसारखं करायचं नाही. वुस्टरमधल्या एका न्यूरॉलॉजिस्टची ४ जानेवारीची अपॉइंटमेंट घेतली आहे, दोघांच्या नावाने. तुझ्याबरोबर मीही रक्त तपासायला देणार. वहिनीला तू स्वतः सांग, मी बोलणार नाही. या रविवारी मात्र ढालवालाच घेऊन ये. मी जुन्या मोजणीने खेळणार आहे, तेव्हा आपण हरू. हरल्यावर लाइनचं नाव काढू नकोस. फक्त, चार तारखेला येतो, एवढं म्हण.

तुझीच, भित्री पण हट्टी,
शरयू