जड लागलं की कापायचं

३ तारीख, सोमवार

नोकरीही मिळाली आणि राहायला खोलीही! तळ्याची राखणदार. नऊ वर्षं शाळेच्या बसमध्ये पोरांच्या ओकाऱ्या पुसल्यावर ही जागा म्हणजे निव्वळ चैन. खोलीला खिडकी एकच, पण उघडली की समोर पाणी. सामान लावायचं सोडून बाबांनी आधी गळाची काठी बाहेर काढली. काम सोपं आहे. सकाळी फाटक उघडायचं, पास बघायचे, वीतभराहून लहान मासा परत पाण्यात सोडायला लावायचा, अंधार पडायच्या आत सगळ्यांना घरी पिटाळायचं. लाकडी धक्क्यावर रोज तेच सहा जण बसतात म्हणे. सगळे रिटायर, सगळे घुमे. बाबा म्हणाले, सप्तर्षी आहेत, एक जण रजेवर असेल.

५ तारीख

सहांतला एक म्हातारा शिंपी आहे. धक्क्याच्या टोकाशी आज त्याच्या गळाला काहीतरी जड लागलं. ओढून बघणं नाही, काही नाही. खिशातून कात्री काढली आणि दोरा कापून मोकळा झाला. मी म्हटलं, अहो काका, नायलॉनचा दोरा पाण्यात टाकायला मनाई आहे, पाटी वाचता येत नाही का? तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, इथं जड लागलं की कापायचं."

बाकीच्या पाचांनी माना हलवल्या. पाचांच्याही खिशात कात्र्या!

८ तारीख

कापलेल्या दोऱ्यात अडकून एक पाणकावळा मेला. पाय हाडापर्यंत चिरला होता. तो उचलून मी सहांच्या समोर आपटला. एकानंही बघितलं नाही. माझं डोकंच फिरलं. विचारलं, आहे तरी काय तिथं खाली? शिंपी पुटपुटला, आधीच्या राखणदाराला विचारा.

ऑफिसला फोन केला. तो म्हणे न सांगता काम सोडून गेला. मग त्याचा चष्मा माझ्या कपाटात कसा? चष्मा मागे ठेवून कोण नोकरी सोडतं?

११ तारीख

शिंपी दुपारी खोलीवर आला. पाणीसुद्धा प्यायला नाही. सगळं सांगून टाकलं.

गेल्या वर्षी या सहांनी आपसातच मासेमारीची स्पर्धा लावली होती. राखणदार होडीतून शेवाळ काढत होता. होडी उलटली. धक्क्याच्या खांबापर्यंत त्याचा हात पोचत नव्हता, हातभर अंतर राहिलं होतं. हे सहाही जण तिथंच बसलेले. काठी खाली ठेवली तर लागलेला मासा जाईल. प्रत्येकाला वाटलं, दुसरा उठेल. संध्याकाळी ऑफिसात सांगितलं, काम सोडून गेला.

तो किती वेळ ओरडत होता, मी विचारलं. शिंपी म्हणाला, "बराच वेळ."

मग रोज कशाला येता? तर म्हणे, एक दिवस जरी चुकवला तरी घरच्या नळातून तळ्याचं पाणी येतं.

मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. पोलिसांत गेले. त्यांनी विचारलं, प्रेत कुठाय?

१२ तारीख

बाबा म्हणाले, मी काढतो त्याला वर, माणूस आहे तो. जाड दोरा घेतला. मी थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. मला त्या सहांना दाखवायचं होतं.

जड लागलं. सहाही जण कात्र्या घेऊन धावले. बाबांनी कापू दिलं नाही. पाण्यातून एक हात वर आला. गळ त्याला लागलाच नव्हता. त्यानंच दोरा मुठीत धरला होता. बाबांनी वाकून हात दिला—

मला पोहता येत नाही. मी ओरडत होते, बांबू टाका, दोर टाका, काहीतरी टाका. ते सहा जण उभे होते. नुसते उभे.

१३ तारीख

पाणबुडे आले. कोणीच सापडलं नाही. ना बाबा, ना तो.

ते सहा आले. बसले. गळ टाकले.

मेल्यांनो.

१४ तारीख, दुपार

फाटकावर सगळ्यांच्या कात्र्या काढून घेतल्या. दोरा कापायला मनाई, नियमच आहे. निमूट दिल्या. ते धक्क्यावर गेल्यावर धक्क्याच्या तोंडाशी असलेल्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. किल्ली इथं, वहीशेजारी.

तीन वाजता— सहाही दोरे एकदम ताठ.

ओरडतायत. ताई, किल्ली. ताई, दार. मी खिडकीत बसून लिहितेय. कळू दे त्यांना.

शिंपी रडतोय. त्यानं निदान खरं सांगितलं होतं. उठावं का—

नाही. बाबांसाठी कोण उठलं?

नंतर

आवाज थांबले. धक्क्यावर सहा काठ्या. माणूस एकही नाही.

फळ्यांवर ओली पावलं. कुलूप तसंच आहे आणि पावलं अलीकडे—

दाराखालून पाणी येतंय.

खोकला. बाबांचाच. बाबा आलेत. उघडते—

पोरी म्हणून हाक मारतायत. पण आवाजात राग आहे. माझ्यावर बाबा कधीच—

विचारतायत, शिंपी ओरडत होता तेव्हा तू किती वेळ बसून