नीलेशचा खुंट

८ जानेवारी
आजपासून मी बोटीवरची स्वयंपाकीण! नीलेश धर्मेशशेठच्या यॉटवर खलाशी आहे. या खेपेला शेठना घरचं जेवण हवं होतं, म्हणून बायकोचीही वर्णी लागली. लग्नाला वर्ष होत आलं, पण नवरा असा दिवसभर हाताशी असायची ही पहिलीच वेळ. माहीमहून छोट्या होडीनं यॉटवर चढलो. दमणपर्यंत जाऊन परत यायचं. स्वयंपाकघर एवढंसं की कढई फिरवायची तर मलाच बाहेर जावं लागतं. नीलेश शीड चढवताना माझ्याकडे बघून मिशीला पीळ देत होता. मिशी कसली, चार केस!

९ जानेवारी
तारापूरसमोर वारा पडला. मासे धरायची डोलजाळी बांधायचा एकच जुना खुंट पाण्याबाहेर दिसत होता. शेठ म्हणाले, त्यालाच दोर लावा, जेवून घेऊ. परक्या खुंटाला दोर लावताना आमच्याकडे मालकाचं नाव घेऊन मोठ्यानं परवानगी मागतात. मालक कोण ते नीलेशला ठाऊक नव्हतं, म्हणून तो थबकला. एरवी मी नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते, पण गंमत म्हणून ओरडले, "नीलेशचा खुंट हाय, बांधा!" त्यानं हसत बांधला. मग म्हणाला, असं करू नये, ज्याचा खुंट त्यालाच जाळं ओढावं लागतं.
भरती संपून पाणी थांबलं तसा तो उठला आणि दोर ओढू लागला. दोराला जाळं लागून आलं. आम्ही टाकलंच नव्हतं. आत ताजे बोंबील. शेठ खूश. मी तळले, नीलेशनं तोंडाला लावले नाहीत.

१० जानेवारी
शीड टम्म फुगलं होतं, सकाळभर बोट पाणी कापत होती. पाणी थांबलं आणि बघते तर समोर तारापूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या, तोच खुंट, दोर बांधलेला. शेठनी दोर कापला, इंजिन लावलं. पुन्हा पाणी थांबलं तेव्हा पुन्हा तेच. दर वेळी दोर ओढून नीलेशचे तळहात सोलले आहेत. मी हळद लावते, सोड म्हणते. तो म्हणतो, "माजा खुंट हाय ना, दुसरा कोन ओढनार?" मी हसण्यावारी नेलं. खूप भीती वाटतेय.

११ जानेवारी
जाळ्यात मासळी नाही. एक सदरा. नीलेशचा, लग्नातला. तो तर माहीमला पेटीत ठेवलाय. पण बाहीला टाका माझाच.
शेठ रबरी होडीतून किनाऱ्याकडे निघाले. मलाही चल म्हणाले. नीलेशची बोटं दोरावरून सुटेनात. त्याला टाकून कशी जाऊ?

१२ जानेवारी
शेठ गेले ते गेलेच. कोणी येत नाही.
जाळं जड झालंय. वाकून पाहिलं. आत नीलेश. डोळे मिटलेले. आणि नीलेश माझ्या शेजारी उभा, ओढतोय— थोडंच राहिलंय वर यायचं—

१३ जानेवारी
नाव मी घेतलं. मीच बदलणार, माझं लावणार.
ओरडले— तेजलचा खुंट हाय—
सुटली! बोटं सुटली त्याची. मटकन खाली बसला. तेजू, भूक लागली म्हणाला. देवा—
भात टाकायला उठले. पाय स्वयंपाकघराकडे वळत नाहीत, दोराकडेच जातात.

पाणी थांबलं. एका हातात दोर, दुसऱ्यानं लिहितेय. नीलेश कमरेला धरून मागे ओढतोय, रडतोय. त्याला सांगितलं, आता कोणाचंच नाव घेऊ नकोस, तुझं तर नाहीच— ऐकत नाही— खुंटाकडे तोंड करतोय— नीलेश, नको, नी—