फॉर्मलिनची बाटली

२ सप्टेंबर
तिसरंही पोटातलं गेलं. सकाळी, घरीच. डॉक्टरीणबाईंनी मागेच बजावलं होतं – पुन्हा असं झालं तर जे पडेल ते घेऊन या, कारण कळू शकेल. नेलं. बाटलीत, झाकण घट्ट लावून.

३ सप्टेंबर
सासूबाईंचं म्हणणं, कॉलेजचे जिने चढायलाच नको होते. प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, त्याला मी काय करू? तरी दिवसभर डोक्यात जिनेच.

६ सप्टेंबर
तपासणी होऊच शकत नाही!
पेशी वाढवून त्यांतली गुणसूत्रं बघतात, त्यासाठी त्या जिवंत लागतात. सलाइनमध्ये न्यायचं होतं. मी फॉर्मलिनमध्ये नेलं. घरात बाटली होती. बेडूक, गांडुळं, मासे – आजवर हाताला येईल ते त्यातच ठेवत आले. वर तारखेची चिठ्ठीसुद्धा डकवली! फॉर्मलिनमध्ये पेशी टिकते, जगत नाही – हे दरवर्षी वर्गात मीच सांगते.
डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
'एक दिवस मलाही बरणीत घालशील' ही नवऱ्याची नेहमीची थट्टा. आज त्याने घरातली फॉर्मलिनची बाटली माळ्यावर ठेवून दिली.

२० सप्टेंबर
दोघांचं रक्त दिलं. सासूबाईंनी विचारलं, त्याचं कशाला?
तो म्हणाला, "आई, अर्धं माझंही होतं ना."
त्या आत निघून गेल्या.
डॉक्टरीणबाईंनी जिने निकालात काढले. चाळिशीत बहुतेकदा बीजातच गुणसूत्रांचा घोळ असतो. कधी तो आईबापांपैकी एकात असतो. कधी रक्त गोठण्याचा दोष, थायरॉइड, गर्भाशयातला पडदा. आणि निम्म्या जोडप्यांत काहीच सापडत नाही. हे शेवटचं मी विसरायला बघतेय.

१४ डिसेंबर
रक्ताची एक तपासणी बारा आठवड्यांनी पुन्हा करायची होती, तीही झाली. सगळं नॉर्मल. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढचं टिकण्याची आशा चांगली आहे. नवरा खूश. मला मात्र दोष हवा होता – माझा निघाला असता तरी चाललं असतं. दोषावर निदान औषध तरी असतं.

८ मार्च
चाचणीच्या पट्टीवर दोन रेषा. कुणालाही सांगण्याआधी सलाइनची बाटली आणली, फ्रीजमध्ये ठेवली. संध्याकाळी दूध काढताना त्याला दिसली. बातमी त्याला तिथेच कळली. त्याने दुधाचं पातेलं बाटली झाकेल असं तिच्यापुढे सरकवून ठेवलं.